मीठवाल्याच्या गाडीचे पाटे

अंडीवाल्याच्या गाडीला मी दोन पाटे जास्त घातले.

त्याने मागितले नव्हते आणि गाडीला गरजही नव्हती. मागून बसलेली गाडी दिसली की तिला उचलायची, एवढंच मला त्या वयात कळत होतं. मी ती अशी काही उचलली की शेपूट वर करून उधळलेल्या वासरासारखी ती दुकानातून बाहेर पडली. अंडीवाला खूश, मी त्याहून खूश. तेव्हा उलव्याकडे रस्ता कमी आणि खड्डे जास्त होते. दुसऱ्या दिवशी तो परत आला, गाडीतून बादली उतरवली आणि माझ्या ऐरणीशेजारी ठेवली. बादलीत टरफलांसकट पिवळं पाणी होतं. "ही तुझी मजुरी," म्हणाला आणि गेला. माझा भागीदार शकील आजही भुर्जीच्या गाडीवर गेलो की माझ्याकडे बघून मगच ऑर्डर देतो.

पाटे म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण दिवाळी अंक वाचणारी माणसं सहसा गाडीच्या वरच्या भागात बसतात. पिकअपच्या मागच्या चाकांवर, चासीच्या दोन्ही अंगांना, पोलादी पट्ट्यांची एकेक जुडी असते. सगळ्यात लांब पट्टी वर, तिच्याखाली तिच्याहून आखूड, तिच्याखाली आणखी आखूड. प्रत्येक पट्टी धनुष्यासारखी वाकलेली. पट्टीला आम्ही पाटा म्हणतो आणि त्या बाकाला कमान. माल चढला की कमान सपाट होते, उतरला की परत येते. पण वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं की पाट्याला परत यायचा कंटाळा येतो. मग गाडी रिकामी असतानाही मागून बसलेली दिसते, खड्ड्यात धाडकन आपटते, दिवे आकाशाकडे बघायला लागतात.

अशी गाडी आली की आम्ही जुडी सोडवतो, गंज खरवडतो, तडा गेलेला पाटा बाजूला टाकतो आणि उरलेला एकेक पाटा ऐरणीवर धरून थंडच ठोकतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सारख्या अंतरावर, सारख्या जोराने. शकील घण घालतो, मी पाटा सरकवतो. हळूहळू पाटा पुन्हा वाकतो. डाव्या जुडीची कमान आणि उजव्या जुडीची कमान जमिनीवरच्या एकाच खडूच्या रेघेला लागली पाहिजे. बस, एवढाच आमचा धंदा. त्यात माझा एक कान गेला, शकीलचे दोन्ही जायच्या वाटेवर आहेत, आणि आम्ही दोघं आपापल्या घरी बोलतो तेव्हा शेजारी भांडण समजतात.

कंपनीवाले म्हणतात ठोकलेला पाटा वापरूच नये, पूर्ण सेट नवा टाकावा. टाकावा की. नवीन गाडीला टाकावा, मिळत असेल तर टाकावा, परवडत असेल तर दोन टाकावेत आणि एक दिवाणखान्यात ठेवावा. पण ज्या गाडीचा सेट यायचाच बंद झाला, तिच्या मालकाने काय करायचं? काउंटरवरचा माणूस संगणकात बघतो आणि "सर, गाडी काढून टाका" म्हणतो. नुसत्या दमलेल्या पाट्याला म्हातारा म्हणून भंगारात काढायचं मला जमत नाही. याला कोणी अडाणीपणा म्हणो. माझं वय बघता यात माझा थोडा स्वार्थही आहे.

उलट जे करू नये ते करायलाही मी नकार देतो. अंड्यांनी तेवढं शिकवलं. विमानतळाच्या बाजूला बांधकामं वाढली तेव्हा एक रेतीवाला आला. त्याला दोन्ही बाजूंना जादा पाटे हवे होते, म्हणजे एका खेपेत दोन खेपांची रेती बसेल. मी म्हटलं, पाटे वाढवतो, पण ब्रेक, टायर, चासी आणि तुझी अक्कल आहे तेवढीच राहील. तो दुसरीकडे गेला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

तेव्हापासून माझा नियम झाला. गाडी आली की आधी विचारायचं, हिच्यात काय भरता? मग पाट्याला हात लावायचा. या नियमावर मी पुढे बरीच वर्षं फुशारक्या मारल्या. आणि हाच नियम बगलेत घेऊन मी तोंडावर कसा आपटलो, ती गोमादादांची गोष्ट.

गोमादादा कोन गावाकडचे, मिठागरवाल्या घरातले. त्यांचं मिठागर कधीच गेलं. त्या जमिनीवर आता काय उभं आहे ते सांगताना ते नुसता हात वर करून मजले दाखवतात. मुलाने, संतोषने, आलेल्या पैशांचं चांगलं केलं. इमारत बांधली, खाली गाळे काढले. पण म्हातारा गाळ्यात बसेना. उरणच्या बाजूला अजून चालू असलेल्या मिठागरांतून खडे मीठ उचलायचं, आणि गोमादादा आणि त्यांची बायको बायजीमावशी, दोघांनी पिकअपमधून ते कोळीवाड्यांत पोचवायचं. सुकी मासळी करणाऱ्या बायका, लोणची-पापडवाल्या, पावसाळ्याची अगोट, म्हणजे बेगमी, भरणारी घरं, सगळी त्यांची ठरलेली. मावशी मोजून देणार, दादा गाडी चालवणार. असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे.

गाडी आली ती मला लांबूनच दिसली. डाव्या अंगाने इतकी बसलेली की ती दुकानात शिरली तेव्हा वाटलं, कानात काही सांगायला वाकतेय. दादा उतरले आणि म्हणाले, "मिस्त्री, गारी डाव्या अंगाला बसलीय. पासिंग कराची हाय." गाडीला ते गारी म्हणतात. मला आवडतं ते.

मागोमाग संतोष आला, स्वतःच्या गाडीतून. त्याने मला बाजूला घेतलं. सर्व्हिस सेंटरने हात वर केले होते. या वेळी फिटनेस तपासणीत गाडी नापास झाली तर तो ती भंगारात देणार होता, माणूसही बघून ठेवला होता. त्याचं बोलणं वाईट नव्हतं. म्हणाला, "मिस्त्री, हायवेला कंटेनरच्या मधून हे दोघं म्हातारे असली वाकडी गाडी घेऊन जातात. मला झोप लागत नाही. पास झाली तर मी एक शब्द बोलणार नाही, असं मी आबांना कबूल केलंय. पण तुम्ही उगाच त्यांना आशा लावू नका."

एखादा शहाणा माणूस यावर "बघतो" म्हणाला असता. मी म्हणालो, "ही गाडी पास झाली नाही तर भंगारवाल्याकडे मी स्वतः चालवत नेईन." शकीलने घण खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. त्याला माझी ही वाक्यं पाठ आहेत, आणि त्यांच्या नंतर काय होतं तेही.

मग मी नियमाप्रमाणे विचारलं. काय भरता? मीठ. आता गाडी रिकामी आहे? दादा म्हणाले, "रिकामीच हाय." मागच्या हौद्यावर ताडपत्री बांधलेली, तिच्यावर जुनी पोती आणि दोरखंड पडलेले. मी गाडीखाली गेलो.

खाली बघून मात्र मलाही गाडीची कीव आली. मीठ पोलादाला काय करतं ते बघायचं असेल तर मीठवाल्याच्या गाडीखाली झोपा. पाट्यांच्या मधे गंज इतका फुगला होता की जुडी पावसात भिजलेल्या पुस्तकासारखी झाली होती. नट कुठला आणि खपली कुठली ते हाताला कळत नव्हतं. जुडी आवळून धरणारे यू-बोल्ट गॅसने कापावे लागले. डावीकडे जॅक लावताना शकील म्हणाला, "भाई, ये बाजू भारी लगती है." मी त्याला म्हटलं, गाडी तीच आहे, तुझे हात म्हातारे झाले. हे वाक्य मी परत घ्यायला तयार आहे, पण त्याने अजून मागितलेलं नाही.

गंज काढला, खराब पाटे बदलले, दोन्ही जुड्या ठोकून एकाच रेघेला लावल्या. खडूला खडू. असं सुंदर काम की मी बोटाने कमानीवरून हात फिरवला. गाडी खाली सोडली. ती डावीकडे बसली. पहिल्याएवढी नाही, पण बसली.

नवीन काम आहे, जरा चालली की बसेल जागेवर, असं सांगून मी ती दिली. हे वाक्य आमच्या धंद्यात डॉक्टरांच्या "हवापालट करा" सारखं आहे. चार दिवसांत दादा परत. डावीकडे तशीच. मी पुन्हा सगळं सोडवलं. डावीकडचा मुख्य पाटा नवा घातला, बुश नवे, शॅकल नवा. पुन्हा दोन्ही कमानी रेघेला लावल्या. दोन्ही सारख्याच आल्या. गाडी खाली सोडली. डावीकडे.

आता माझं डोकं फिरलं. टायर मोजले, चासीला दोरी लावून बघितली, दुकानाची जमीन उतरती आहे का म्हणून पाण्याची नळी धरली. जे बघायचं ते सगळं बघितलं आणि ते सगळं जमिनीपासून चासीपर्यंत होतं. चासीच्या वर बघायचं माझ्या मनातच आलं नाही. इतकी वर्षं गाडीखाली काढली की माणसाला गाडीला वरची बाजू असते याचाच विसर पडतो.

पासिंगचा दिवस जवळ आलेला. संतोष एकदा दुकानावरून गेला, थांबला नाही, नुसती काच खाली करून हसला. त्या हसण्याने माझं उरलंसुरलं शहाणपण संपवलं. शकीलला म्हटलं, डावीकडे एक पाटा जास्त घाल. तो म्हणाला, अंडी आठवतात का. मी म्हटलं, घाल. घातला. गाडी खाली सोडली आणि काय सांगू, टेबलासारखी सरळ. मी संतोषला फोन करून बोलावलं, गाडीभोवती फिरवलं आणि त्याला एक भाषण दिलं. माणसाने हार मानू नये, जुन्याला किंमत असते, हल्लीच्या पोरांना दम नाही वगैरे. तो ऐकत होता. भाषण चांगलं झालं होतं असं मला अजूनही वाटतं.

तपासणीच्या मैदानावर मी स्वतः गेलो. काम काही नव्हतं, मिरवायला गेलो. सवयीने अवजारांची पिशवी घेतली, शकीललाही नेलं. दादा-मावशी गाडीतून आले होते, कारण तिथून तसंच पुढे मीठ उचलायला जायचं होतं. अगोटीचे दिवस, कोळीवाड्यांतल्या बायका मावशींना फोनवर फोन करत होत्या. संतोष आला होता, शिवाय रांगेतले टेम्पोवाले, एजंट, चहावाला, असा सगळा बाजार.

आमचा नंबर आला. तपासणारा साहेब शांत माणूस होता. गाडीभोवती फिरला, पुढून बघितलं, मागून बघितलं, मान हलवली. माझी छाती अर्धी वीत वर. मग तो म्हणाला, ताडपत्री काढा, हौदा दाखवा.

दादांनी ताडपत्री काढली नाही. ती मावशींनी काढली. पोती सरकवली, एक फळी उचलली. आत डाव्या बाजूला, पुढपासून मागपर्यंत, मिठाच्या गोण्या रचून ठेवलेल्या. नव्या नव्हेत. तळच्या गोण्यांचं कापड कधीच कुजून गेलेलं आणि आतलं मीठ दगड झालेलं, करड्या रंगाचं, एकमेकांना चिकटलेलं. हौद्याचाच भाग वाटावा असं.

मी वाकून एका गोणीवर बोट वाजवलं. मग म्हटलं, दादा, तुम्ही रिकामी म्हणाला होतात.

"रिकामीच हाय," गोमादादा म्हणाले. "ते मीठ भरलेलं नाय. ते ऱ्हातं."

मग हळूहळू कळलं. मिठाची बरणी घरात कोणी पूर्ण रिकामी करत नाही, हे तुमच्याही आईने तुम्हाला सांगितलं असेल. दादांच्या वडिलांचा खाडीतून मीठ वाहणारा मचवा होता. तो मचवाही कधी पूर्ण रिकामा करून घरी आणत नसत, तळाला थोडं मीठ ठेवायचं, म्हणजे पुढच्या मोसमाची सुरुवात झाली. मचवा गेला, पिकअप आली, रीत तीच. दरवर्षी अगोट संपली की एक गोण हौद्यात मागे ठेवायची. नवी ठेवायची हे सांगितलेलं होतं. जुनी काढायची हे कोणी सांगितलेलं नव्हतं. डावीकडेच का, तर उजवीकडून मावशी चढतात.

म्हणजे गाडी बसत गेली ती वर्षाला एक गोण या हिशोबाने. आणि तिच्यात काय भरता, आता ती रिकामी आहे का, हे मी मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं आणि बघितलं मात्र नव्हतं.

साहेब म्हणाला, गाडी रिकामी करून आणा, त्याशिवाय तपासता येणार नाही. दादा म्हणाले, करणार नाही. अगदी साध्या आवाजात. साहेबाला राग आला नाही, त्याने नुसता पुढच्या गाडीला हात केला. मागून हॉर्न सुरू झाले. संतोषने फोन खिशातून काढला. मला कळलं तो कोणाला लावणार आहे.

मी दादांना समजवायला गेलो. ते मागच्या चाकाला टेकून बसले होते. म्हटलं, पासिंग होईपर्यंत खाली ठेवू, मग पुन्हा चढवू. ते म्हणाले, बापाच्या मचव्यापासून आजपर्यंत हे मीठ तुटलं नाही. मिठागर गेलं तेव्हाही तुटलं नाही. आता एका शिक्क्यासाठी मी तोडायचं? त्यांचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही, पण ज्या माणसाचं सगळं कागदावर गेलं त्याने एक गोष्ट हौद्यात धरून ठेवली, तर त्याला चूक म्हणायची माझी छाती झाली नाही. मी त्यांच्या शेजारी बसलो. शकील म्हणाला, भाई, तुम क्यूं बैठ गये, गाडी लेके जानी है ना भंगार में. मित्र असावा तर असा.

मावशींनी मात्र कोणाशी वाद घातला नाही. त्यांनी माझ्या पिशवीतून हातोडा काढला, हौद्यात चढल्या आणि सगळ्यात तळच्या, सगळ्यात जुन्या गोणीवर एकच घाव घातला. ढलपा निघाला. तो पदराच्या टोकात बांधला, पुढे जाऊन केबिनमध्ये आपल्या जागेवर बसल्या आणि तिथूनच नवऱ्याला म्हणाल्या, "बरनीत खडा ऱ्हायला तरी बरनी रिकामी नाय. उठा आता. बायका खोलंबल्यान तिकरं."

दादा लगेच उठले नाहीत. जरा वेळाने उठले आणि ताडपत्री घेऊन मैदानाच्या भिंतीकडे गेले. मिठावर कोणाचा पाय पडता कामा नये, म्हणून त्यांनी ती झाडाखाली पसरली. पहिली गोण संतोषने उचलली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दगडासारखी गोण खांद्यावर घेऊन तो बापाच्या समोरून गेला, त्यांनी ती हाताने धरून अलगद टेकवली. मग मी, शकील, दोन टेम्पोवाले. तळच्या गोण्या पहारीने सुट्या कराव्या लागल्या.

गोण्या उतरत होत्या आणि माझा डोळा डाव्या चाकावर होता. कारण पुढे काय होणार ते त्या मैदानावर फक्त मला आणि शकीलला कळत होतं. शेवटची गोण उतरली. डाव्या अंगाला घातलेला माझा जादा पाटा मोकळा झाला आणि गाडीने डावी बाजू वर उचलली. विजेच्या खांबाजवळ कुत्रा उभा राहतो ना, हुबेहूब तशी. चहावाल्याच्या हातून किटली हिंदकळली. एजंट मंडळींनी फोन काढून फोटो घेतले. साहेबाने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, हे कोणी केलं? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा स्वतःचा भागीदारही बोट दाखवत होता.

साहेबाने शेरा मारायला पेन काढलं. आणि तिथे, मी सांगतो, मला राग आला. साहेबाचा नाही, संतोषचाही नाही. आपलाच. कारण डोक्यात तेव्हाच लख्ख झालं की माझं पहिलं काम बरोबर होतं. दोन्ही कमानी रेघेला लागल्या होत्या. दुसरं कामही बरोबर होतं. पाटे मला ओरडून सांगत होते की आम्ही सारखे आहोत, वर बघ. मी माझ्या हातांवर विश्वास ठेवला नाही आणि एका पोराच्या हसण्यावर ठेवला. इतकी वर्षं जगाला सांगत आलो की नुसतं दिसण्यावरून गाडी भंगारात काढू नका, आणि स्वतः नुसतं दिसण्यावरून सरळ गाडी वाकडी करून ठेवली.

मी साहेबाला म्हटलं, जेवणाच्या सुट्टीनंतर गाडी पुन्हा आणतो. तो म्हणाला, नंबर संपेपर्यंत आणली तर बघीन. संतोष म्हणाला, मिस्त्री, पुरे झालं, राहू द्या. मी म्हटलं, माझं भाषण ऐकलंस ना, आता कामही बघ.

मैदानाच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, टायरवाल्याचा जॅक मागून घेतला. खाली अंथरायला काही नव्हतं, गरम डांबरावर पाठ टेकली. आजूबाजूला दुपारी काम नसलेली सगळी माणसं जमली. एकाने विचारलं, काय घालताय? शकीलने मोठ्या आवाजात सांगितलं, घालत नाहीत, काढतायत. कोणी म्हणालं, पाटेवाला म्हातारा झाला. म्हणू देत. माझ्या दुकानात दार लावून काढला असता तर तोच पाटा गुपचूप निघाला असता. तिथे मात्र चारचौघांसमोर मी माझीच चूक नटबोल्टासकट खोलत होतो आणि सांगतो, मला त्याची लाज वाटली नाही. नापास गाडी घरी नेण्यापेक्षा पाठ भाजलेली बरी. यू-बोल्ट नवे होते म्हणून सुटले. जुडी सैल केली, जादा पाटा ओढून काढला, रस्त्यावर टाकला. त्याचा खणखणीत आवाज झाला. पुन्हा बांधणी केली.

गाडी खाली सोडताना मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा शकील मागे उभा राहून एक डोळा बारीक करून बघत होता. मग त्याने जॅक उचलला आणि टायरवाल्याला द्यायला निघाला. म्हणजे सरळ होती.

साहेबाने पुढून बघितलं, मागून बघितलं, ब्रेकच्या मशीनवर गाडी चढवली, उतरवली. हौद्यात डोकावला. हौदा रिकामा होता. केबिनमध्ये मावशी पदर मुठीत धरून बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघून तो जरा थांबला, पण पदरात काय आहे ते त्याने विचारलं नाही. शिक्का मारला.

संतोषने फोन खिशात ठेवला. कबूल केल्याप्रमाणे तो एक शब्द बोलला नाही, नुसता भिंतीकडे गेला आणि ताडपत्रीच्या एका टोकाशी उकिडवा बसून बापाला विचारायला लागला की यातली कुठली गोण कुठल्या सालची. दादा हात लावून लावून सांगत होते. शेवटी असं ठरलं की यातली एकच गोण परत चढवायची, मधोमध ठेवायची, आणि नवी ठेवली की जुनी काढायची. काढलेली कुठे ठेवायची यावर दोघांचं वाजलं, पण ते त्यांच्या घरातलं.

मी घामाने निथळत, पाठीवर डांबराचे डाग घेऊन केबिनच्या खिडकीशी गेलो. मनात आलं, निदान मावशींना तरी कळायला हवं की आज केवढं काम झालं. मी त्यांना कमान, भार, डावं-उजवं सगळं नीट समजावून सांगितलं. गाडी आता सरळ कशी झाली, त्यासाठी मी उन्हात काय काय केलं, हे हातवारे करून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग गाडी सुरू करायला दादा चढेपर्यंतच्या वेळात म्हणाल्या, "मिस्त्री, तुमी आपलाच घातलेला पाटा आपणच काढला. यात दुरुस्त काय केलं?"